माझ्या समक्ष

साहेब, अडतिसाव्या पानावर तुम्ही खोटं लिहिलंत. सही तुमचीच, हात तुमचाच, शाईही तुमच्या त्या हिरव्या पेनाची. खोटं आहे ते सहीच्या वर टाइप केलेलं: 'माझ्या समक्ष.' तुमच्या समक्ष त्या वेळी अर्धी पपई होती. तुम्ही घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसला होतात, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा झगा, डाव्या हातात चमचा, आणि मी शेजारी उभी राहून पानं उलटत होते. तो शनिवार होता. जबाब गुरुवारी झाला होता, मार्चच्या चौदा तारखेला, आणि त्या गुरुवारी तुम्ही शहरातच नव्हतात, व्याह्यांच्या मळ्यावर होतात. एकसष्ट पानांवर सह्या केल्यात आणि एकाही पानाचा वरचा भाग बघितला नाहीत, कारण तो मी तळहाताने झाकूनच धरते, तुम्हाला सहीची जागा चटकन सापडावी म्हणून. एकोणीस वर्षं मी असाच हात धरतेय. तेव्हा आधीच सांगून टाकते, हे मी स्वतःला बाजूला काढून लिहीत नाहीये.

परवा मंगळवारी दुपारी ती फाईल शिवायला माझ्या टेबलावर आली. निकाल लागला की फाईल माझ्याकडे येते. तोवर पानं सुटी, मग तीन भोकं, मेण लावलेला दोरा आणि दाभण. एकदा मी शिवली की त्यातलं पान कोणाच्या बापाला काढता येत नाही. जाड फाईल असली की दाभणावर अंगठ्याचा जोर द्यावा लागतो, मग कागद आधी कुरकुरतो आणि नंतर एकदम वाट देतो. त्या वाट देण्याची माझ्या हाताला इतकी सवय झालीय की मी पोळी तोडतानासुद्धा त्याची वाट बघते. मी वाचत नसते. म्हणजे डोळे फिरतात, पण ते चालत्या बसमधून दुकानांच्या पाट्या वाचाव्यात तसे. अडतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात तपकिरी डाग होता. डागासाठी मी थांबत नाही. या इमारतीत कॉफीचा, चटणीचा, कधी रक्ताचाही डाग येतो, शिवून टाकायचा. पण डागाच्या खाली ओळ होती. 'आरोपी, वय सव्वीस, धंदा पावाच्या भट्टीवर, म्हणतो: माझं खरं मी कारकुनांवर उधळणार नाही. न्यायाधीशांचे डोळे दिसतील तेव्हाच बोलेन.' आणि खाली सही, एकेक अक्षर सुटं, जणू प्रत्येक अक्षर वेगळ्या दिवशी काढलेलं. एलादिओ शिकाले. दाभण अर्ध्यात होतं. ते पुढेही जाईना आणि मागेही येईना. ते वाक्य माझं होतं, साहेब. शब्द न् शब्द. मी ते तीन वर्षांपूर्वी माझ्या खोलीत, खिडकीशी बसून, टरबूज खाताखाता लिहिलं होतं.

तुम्ही मला ओळखता, म्हणजे माझ्या हाताला ओळखता. माझं आडनाव तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि तुमच्या न्यायालयात कोणीच विचारलं नाही. सगळ्यांना मी ओतिलियाबाई, फाईल शिवणारी. दर सोमवारी आपल्या पुएब्ला शहरातल्या प्रत्येक बाजारात, वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर, चिमट्यांना खिशात मावेल एवढं एक चित्रांचं पुस्तक लटकतं: 'निकांद्रो वेलेस, गरिबांचा वकील.' लोक ते भाड्याने घेतात, टपरीसमोरच्या बाकावर बसून वाचतात आणि परत चिमट्याला लावतात. तुमच्या ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवर असतं. तुमच्या मोलकरणीच्या उशीखाली असतं. लेखक म्हणून त्यावर ओ. बारिएन्तोस असं नाव असतं. बारिएन्तोस माझ्या आईचं माहेरचं आडनाव, आणि ओ म्हणजे मी. मी तिसरीत शाळा सोडली. मला व्याकरण कोणी शिकवलं नाही, तुमच्या फायलींनी शिकवलं. नवऱ्याने भोसकलेल्या बायकांचे जबाब, बकरी चोरणाऱ्यांचे जबाब, 'मी मारलं नाही, तो माझ्या सुरीवर पडला' असे जबाब. माणूस कोंडीत सापडला की कसा बोलतो हे मला जेवढं कळतं तेवढं तुमच्या विद्यापीठातल्या एकाही मास्तराला कळत नाही, आणि हे म्हणायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

त्या अंकाची. अंक एकशे बारा. मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्यात खुर्ची रिकामी होती. निकांद्रो वेलेस पांढरा सूट घालून न्यायालयात येतो, आरोपी तुरुंगाच्या जाळीमागे उभा, टाइपरायटरवर कारकून, आणि न्यायाधीशांची खुर्ची रिकामी. वेलेस बोलतो, बोलत राहतो, आणि खुर्ची ऐकते. एवढंच. मी तो अंक बसने राजधानीला पाठवला आणि दोन दिवसांनी खालच्या कागदवाल्याच्या दुकानात मालकांचा फोन आला. एवोदिओ मालक, आमचे प्रकाशक, फोनवर कायम काहीतरी चघळत असतात.

"बाई, हे काय पाठवलंय? खुर्ची?"

"तशीच असते, मालक."

"तशी असते म्हणून दाखवायची? लोकांच्या घरी काय रिकाम्या खुर्च्या कमी आहेत? त्यांना न्यायाधीश दे. उंच दे. केस पिकलेले. शेवटून तिसऱ्या पानावर तो मान वर करतो आणि आरोपीच्या डोळ्यांत बघतो, अख्खं पान भरून फक्त डोळे! बायका रडल्या पाहिजेत."

"पण मालक, आमच्याकडे न्यायाधीश येतच नाहीत हो. कागद जातो वर."

"तू गोष्टी लिहितेस की तक्रारअर्ज?"

आणि मी दिला न्यायाधीश. एका दुपारात दिला. मला तो सुचायला काहीच त्रास झाला नाही याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, मंगळवारी वाटलं नाही. मी त्याला तुमचा करडा टाय दिला, साहेब, आणि तुमचा तो घसा साफ करण्याचा आवाज, जो मी बंद दारामागून इतकी वर्षं ऐकतेय. बाकीचं तुमच्याकडे नव्हतं, ते मी पदरचं घातलं. तो जिना उतरून खाली आला. तो जाळीपाशी गेला. त्याने विचारलं, "तू जेवलास का?" आणि मग आरोपीला बोलायला सांगून स्वतः गप्प बसला. मी तुम्हाला तुमच्यापेक्षा चांगलं केलं आणि सतरा राज्यांत विकलं. तुरुंगातसुद्धा विकलं, तिथे ते फुकट फिरतं, कव्हर जाईपर्यंत, शेवटची पानं गळेपर्यंत. वेलेसच्या तोंडी मी ते वाक्य घातलं आणि आपल्यावरच खूश झाले. काय वाक्य आहे! माझं खरं मी कारकुनांवर उधळणार नाही.

ते वाक्य मुळात माझंही नाही, हे मला मंगळवारी संध्याकाळी कळलं. टेबलावर तसंच अर्धवट टोचलेलं दाभण ठेवून मी घरी गेले, जिना चढले, चपला काढल्या नाहीत आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिले. खोलीत मेणाचा वास येत होता. तो माझ्याच बोटांना असतो. आणि मला इस्त्रीचा वास आला. स्टार्च केलेल्या फ्रॉकचा. मी नऊ वर्षांची, आई माझे केस ओढून ओढून वेण्या घालतेय, डोळे तिरके होईपर्यंत. बाबांना नेलं होतं. कोणाच्या तरी गोदामातून तांब्याची तार गेली होती आणि बाबा तिथे रखवालदार होते. आई म्हणाली, "सरळ उभी राहा जाळीपाशी. काही बोलू नकोस. साहेबांचे डोळे तुझ्यावर पडले की बस्स, त्यांना कळेल हा माणूस कसल्या घरचा आहे." मी सरळ उभी राहिले. सकाळचे अकरा होऊन गेले, एक झाला. समोर एक बाई टाइप करत होती आणि मधूनच बोट चाटून कार्बन बदलत होती. जाळीमागे बाबांची बोटं तेवढी दिसत होती. मी आईला हळूच विचारलं, साहेब कुठल्या दारातून येणार? आई म्हणाली, ते वरून बघतायत. मी वर बघितलं. छताला पंखा होता. मला शू लागली होती पण मी हलले नाही, कारण मी हलले आणि नेमके तेव्हाच त्यांचे डोळे पडले तर? बाबा तीन वर्षांनी आले. फ्रॉक तोवर धाकट्या मावसबहिणीलाही आखूड झाला होता. आणि मी कुठे नोकरी धरावी? त्याच इमारतीत. दहा वर्षं शर्टांच्या कारखान्यात काढल्यावर कोणीतरी म्हणालं, न्यायालयात जाड शिवण येणारी बाई हवीय, आणि मी धावत गेले. का धावले? मला वाटतं, मला दार बघायचं होतं. कुठल्या दारातून येतात ते.

बुधवारी मी फिदेल ओसुनांना गाठलं. सरकारी बचाव वकील. तुमच्या न्यायालयात आणि शेजारच्या दोन न्यायालयांत ज्याला वकील परवडत नाही तो त्यांचा. गॅलरीच्या टोकाला, पुठ्ठ्याची बॅग मांडीवर ठेवून ते त्यावरच सेमिता खात होते. पावाचे तीळ बॅगेच्या शिवणीत अडकले होते. त्यांच्या कोटाचं मधलं बटण जाऊन चार वर्षं झालीत. मी शिकालेचं नाव काढलं.

"तो भट्टीवाला? नऊ वर्षं चार महिने. शुक्रवारी त्याला जाळीपाशी वाचून दाखवतील." त्यांनी घास गिळला. "ओतिलियाबाई, मी इतक्या वर्षांत एवढा हट्टी माणूस बघितला नाही. औषधाच्या दुकानावर दरोडा पडला दुपारी साडेचारला, आणि हा त्या वेळी भट्टीपुढे होता. भट्टीमालक सांगतो, शेजारीण सांगते. कधी सांगतात? चार महिन्यांनी! कारण या गाढवाने पहिल्या जबाबात तोंडच उघडलं नाही. मी त्याच्या कानात ओरडलो, पोरा, आत्ता बोल, इथे पहिलं बोललेलं ते खरं आणि नंतरचं सगळं पढवलेलं, असंच धरतात हे लोक. तर त्याने मला खालून वर बघितलं. म्हणतो, 'तुमच्या कोटाला बटण नाही.'"

"मग?"

"मग काय? म्हणतो, वेलेसने असं सांगितलं नसतं. वेलेस! ते चिंधी पुस्तक नाही का, पांढऱ्या सुटातलं? सगळी कोठडी ते वाचते. तो लेखक आहे ना, कोण तो बारिएन्तोस, मला एकदा भेटू दे फक्त. त्याचीच पुस्तकं त्याला खायला घालतो, एकेक करून, चटणी न लावता."

"भेटलाय तुम्हाला. रोज भेटतो," मी म्हटलं. "फायली शिवतो."

ते चावायचे थांबले. गालात घास तसाच. मग त्यांनी सेमिता कागदात गुंडाळली, अगदी सावकाश, कडा दुमडत, आणि बॅगेत ठेवली. मला वाटलं आता ओरडतील. साहेब, मी वेलेसला तीनशे वेळा गर्जना करायला लावलंय. खरा बचाव वकील चिडला की काय करतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तो हळू आवाजात विचारतो. त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, ते येत नाहीत?"

"होतं."

"तरी?"

"तरी."

त्यांनी खाली चौकात बघितलं. कोणाची तरी आई बाकावर डबा घेऊन बसली होती. "मीपण त्या गुरुवारी दहा मिनिटंच होतो तिथे," ते म्हणाले. "जबाब चालला दीड तास, आरोप आणि साक्षी वाचून दाखवण्यातच. खाली लिहिलंय, बचाव वकील पूर्ण वेळ हजर. केलीच ना मीपण सही." आणि मग, जणू आम्ही दोघं एका आजाराबद्दल बोलत होतो आणि त्यांना औषधाचं नाव आठवलं होतं, तसे ते म्हणाले, "न्यायाधीश हजर नसताना घेतलेला जबाब कायद्याने रद्द होतो, ओतिलियाबाई. नुसता जबाब नाही, त्याच्यानंतरचं सगळं. खटला पहिल्या दिवसापासून. त्याचं बोलणं पुन्हा पहिलं बोलणं होतं. पण कागदावर साहेब हजर आहेत. ते हजर नव्हते हे ज्याने डोळ्यांनी बघितलंय अशा कोणीतरी शपथेवर सांगायला पाहिजे. आणि जो सांगेल त्याची नोकरी त्याच दिवशी जाईल. वर खोट्या कागदात सामील म्हणून त्याच्यावरही फाईल होईल."

"ती कोण शिवेल?" मी म्हटलं. ते हसले नाहीत. मीही हसले नाही, पण तोंडातून गेलं.

गुरुवारी सकाळी मी खाली जाळीपाशी गेले. एकोणीस वर्षांत मी तिथे कामासाठी हजार वेळा गेले असेन, पण नेहमी टाइपरायटरच्या बाजूने. त्या दिवशी जाळीला नाक लागेल एवढी जवळ उभी राहिले. पलीकडे तुरुंगाचा बोळ, ओल्या सिमेंटचा वास, कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. एलादिओला आणलं. त्याने शर्टाची वरची गुंडी घाईघाईने लावली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"आले का साहेब?"

"नाही. मी आलेय."

"तुम्ही कोण, बाई?"

मी सांगितलं. वेलेसची गोष्ट लिहिते ती. तो इतका मोठ्याने हसला की पहारेकऱ्याने मान फिरवली. "जा हो! बाई? आमच्या कोठडीत पैज लागलीय, तो निवृत्त न्यायाधीश आहे म्हणून. माझं गेलं की काय सगळं!" मग गंभीर झाला. "बाई, एक सांगा. आमच्याकडे जो अंक आहे ना, एकशे बारा, त्याची शेवटची दोन पानं फाटलीत. साहेबांनी डोळ्यांत बघितलं इथपर्यंत आहे. पुढे काय म्हणाले ते?"

जाळीच्या तारेवर गंज होता आणि माझं बोट त्यावरून फिरत होतं, भोक शोधावं तसं.

"सोडलं त्याला," मी म्हटलं.

"मी म्हटलंच होतं!" तो म्हणाला. "माझं तयार आहे सगळं. पाठ आहे. आठ महिने रोज म्हणतोय मनात. मालक आले, शेजारीण आली, त्या कारकुनाला सांगून गेले, पण मी माझं ठेवलंय. त्या बिनबटणाच्या वकिलालाही नाही दिलं. कधी येतायत साहेब?"

"मला सांग."

"छे, तुम्हाला नाही. एकदा बाहेर काढलं की शिळं होतं, बाई. ते गरमच द्यायचं असतं."

तेव्हा मी त्याला सांगितलं. उभं राहून, जाळी धरून. साहेब येणार नाहीत. आधीही येणार नव्हते. कोणाहीसाठी येत नाहीत, कधीच आले नाहीत. निकाल झालाय, सही झालीय, उद्या वाचतील. मी अर्धा शिवलाय. नऊ वर्षं चार महिने. ते वाक्य मी लिहिलं आणि लिहिताना मला ठाऊक होतं. मी हे एका दमात बोलले, कारण थांबले असते तर मधे कुठेतरी मी स्वतःची बाजू घेतली असती. मला ते चांगलं जमतं, तीनशे अंक मी दुसरं काय केलंय? तो ऐकत होता. त्याने लावलेली गुंडी काढली. पुन्हा लावली. शिट्टी वाजवणारा थांबला होता. मी वाट बघत होते की तो थुंकेल, शिवी देईल, मला माझ्या आईवरून काहीतरी म्हणेल, आणि मी तयार होते. खरं सांगते, मला ते हवं होतं. तो म्हणाला, "मग मी कोणाला सांगू?"

"मला," मी म्हटलं. "मी लिहून घेते."

"जसंच्या तसं? मधे त्या वेलेसला नाही घालणार?"

"नाही."

"शपथ?"

"शपथ."

आणि त्याने सांगितलं, साहेब. मी ते तुरुंगाच्या दाराशी मिळणाऱ्या भेटीच्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलं, पाच फॉर्म लागले. फार काही नव्हतं त्यात. दुपारची भट्टी चार वाजता पेटते. सेमिता आत गेली की सोळा मिनिटं दार सोडून जाता येत नाही, कारण डाव्या अंगाची आच जास्त आहे आणि पावाचे पाट सारखे फिरवावे लागतात. त्या दिवशी एक पाट करपला, कारण मालक आणि तो भांडत होते, यीस्टवरून. करपलेल्या सेमिता फेकल्या नाहीत. शेजारणीच्या कोंबड्यांना दिल्या, पावणेपाच वाजता, गरमगरम, आणि शेजारीण ओरडली की कोंबड्यांच्या चोची भाजतील. बस. आठ महिने पाठ केलेलं ते हे. कोंबड्यांच्या चोची. मला मधे दोनदा विशेषण सुचलं, आणि मी पेन उचलून धरलं, ते जाईपर्यंत. लिहून झाल्यावर मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे एवढंसंच आहे होय?" जरा ओशाळल्यासारखा. "मनात फार मोठं वाटायचं."

तिथून मी तडक फिदेलसाहेबांकडे गेले आणि शपथपत्रावर सही केली. शनिवारची, पपईची, व्याह्यांच्या मळ्याची, माझ्या तळहाताची. त्यांनीही आपलं वेगळं लिहून दिलं, दहा मिनिटांचं. सही करताना त्यांनी पेन दोनदा झटकलं, शाई होती तरी. दुपारी एवोदिओ मालकांना फोन करून सांगितलं की या सोमवारी रिकामी खुर्चीच जाईल, नाहीतर काहीच जाणार नाही. ते म्हणाले, "अगं, रिकाम्या खुर्चीसाठी पैसे कोण देतं?" मी म्हटलं, आम्ही सगळे पगारातून देतोच आहोत, मालक. त्यांनी फोन आपटला. आपटू दे. हे लिहिताना मला भीती वाटतेय, ते लपवत नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, डोळे दाभणाचं भोक शोधताना पाणावतात, आणि या इमारतीबाहेर मला कोणी कामाला घेणार नाही. पण एक गंमत झालीय. परवापासून हाताला ती कागद वाट देण्याची ओढ उरली नाहीये.

फिदेलसाहेब म्हणतात, न्यायाधीशांना साक्षीला बोलावता येत नाही, तुम्हाला कायद्यानेच सूट आहे. पण वरच्या न्यायालयामार्फत तुम्हाला लेखी प्रश्न धाडता येतात आणि त्यांची उत्तरं तुम्हाला शपथेवर, लेखी द्यावी लागतात. प्रश्नांचा साचा ठरलेला आहे, तुम्हीच रोज वापरता: 'उत्तर देणाऱ्याने सांगावे, खरे आहे का, आणि आहेच, की...' मला म्हणाले, वीस काढा, सुटसुटीत, तुमच्या पुस्तकासारखं नको. मी वीस काढले. खरे आहे का, आणि आहेच, की चौदा मार्चला तुम्ही मळ्यावर होतात. खरे आहे का, आणि आहेच, की सह्या शनिवारी झाल्या. मग मी ते वाचले आणि मला तुमचं उत्तर ऐकू आलं, घसा साफ करून दिलेलं: खरे नाही. खरे नाही. वीस वेळा खरे नाही, आणि खाली हिरवी सही. मी एकोणीस फाडले. मग विसावाही फाडला आणि नवा लिहिला, ज्याला हो चालत नाही आणि नाहीही चालत नाही. फिदेलसाहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, असाच जाऊ द्या. उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि चुकीचं आलं, तर एलादिओ शिकालेचा खटला पहिल्या दिवसापासून उभा राहील आणि त्याचं खरं पहिल्यांदा ऐकलं जाईल. बरोबर आलं, तर मी खोटी ठरेन आणि तो नऊ वर्षं चार महिने आत राहील. एवढी सोपी गोष्ट आहे, आणि ती सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

तुम्ही लिहिलंय की तो तुमच्या समक्ष उभा होता, दीड तास. कारकुनाला विचारायचं नाही. फाईल उघडायची नाही, तिच्यात फोटो नाही, पोलिसांनी तो कधी लावलाच नाही. उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून सांगावे: एलादिओ शिकाले दिसायला कसा आहे? उंची, रंग, कपाळ, दात, एखादा व्रण, काहीही. एक गोष्ट सांगा. ज्या माणसाला तुम्ही नऊ वर्षं चार महिने दिलीत, त्याचा चेहरा कसा आहे, साहेब?